गाणें घरोघरीं, गवई पडद्याआड

एखादें गाणें लोकांच्या ओठीं बसलें, कीं त्याच्या कर्त्याचें नांव हळूहळू मागें पडूं लागतें. जात्यावरच्या ओव्या मूळ कोणी रचल्या हें दळणाऱ्या बाईला ठाऊक नसतें. आणि तें ठाऊक असावें असें तिला वाटतहि नाहीं. लोकगीताच्या बाबतींत कर्त्याचा असा विसर पडणें हा एक प्रकारचा गौरवच होय. परंतु ज्या काळांत प्रत्येक गाण्यावर कर्त्याचें नांव छापलें जातें आणि ध्वनिमुद्रिकेच्या प्रत्येक प्रतीमागें पैपैचा हिशेब राहतो, त्या काळांतहि एखादें गाणें साऱ्या राष्ट्राच्या तोंडीं असावें आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकीं एक मात्र पडद्याआड राहावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियांतील केव्ह कारमडी या गीतकार-गायकाची कथा अशी आहे.

२०१४ सालच्या नोव्हेंबरच्या ५ तारखेस सिडनीच्या टाऊन हॉलमध्यें माजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांची स्मरणसभा भरली होती. तेथें दोन गायक एकत्र गाण्यासाठीं पुढें आले. एक पॉल केली; हें नांव त्या देशांत बहुतेक प्रत्येक संगीतप्रेमी घरांत ठाऊक आहे. दुसरे त्यांच्याहून वयानें वडील, ६८ वर्षांचे केव्ह कारमडी. दोघांनीं मिळून जें गाणें म्हटलें तें त्या दोघांनींच रचलेलें होतें. ‘लहान गोष्टींतून मोठ्या गोष्टी वाढतात’ अशा अर्थाचें त्याचें शीर्षक आहे. शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत ऑस्ट्रेलियांतील असंख्य लोकांना तें येतें. परंतु ‘हें कोणाचें गाणें?’ असें विचारलें, तर बहुतेकांच्या तोंडून प्रथम केली यांचें नांव येतें. यांत केली यांचा दोष तिळमात्र नाहीं. उलट, आपल्या ह्या सहकाऱ्याचें नांव लोकांपुढें यावें म्हणून सर्वांत अधिक खटपट त्यांनींच केली आहे. मग कारमडी मागें कां राहिले? याचें उत्तर त्यांच्या आयुष्यांत आहे, त्यांच्या गाण्यांत आहे, आणि थोडें ऐकणारांच्या मनांतहि आहे.

केव्ह कारमडी यांचा जन्म १९४६ सालीं क्वीन्सलँड प्रांताच्या उत्तरेस केर्न्झ येथें झाला. वडील आयरिश वंशाचे, आई तेथील मूळ रहिवासी जमातींतली. पुढें हें कुटुंब त्याच प्रांताच्या दक्षिणेकडील डार्लिंग डाउन्स या पठारावर येऊन राहिलें. उपजीविकेचें साधन गुरें हांकण्याचें. ऑस्ट्रेलियांत गुरांचे मोठमोठे कळप चारापाण्याच्या सोयीनें शेंकडों मैल चालवीत न्यावे लागत. हें काम करणारीं माणसें महिनेच्या महिने घोड्यावर, आणि रात्र उघड्या आकाशाखालीं. केव्हचें बालपण अशा मुक्कामांवर गेलें. पाटी नाहीं, पुस्तक नाहीं. परंतु रात्रीं शेकोटीभोंवतीं बसून आईकडचीं माणसें आपल्या पूर्वजांच्या कथा सांगत आणि वडिलांकडचीं माणसें आयरिश गीतें गात. दोन्ही परंपरा मुखानें चालणाऱ्या. दोन्हींत गोष्ट आणि गाणें यांच्यामध्यें भिंत नव्हती. या मुलाची पहिली शाळा ती हीच.

दुसरी शाळा मात्र निराळी होती. मूळ रहिवाशांच्या, विशेषतः मिश्र वंशाच्या, मुलांना आईबापांपासून तोडून गोऱ्या समाजाच्या वळणावर वाढवावें असें सरकारचें धोरण अनेक दशकें चाललें होतें. १९९७ सालीं एका राष्ट्रीय चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील अंदाजाप्रमाणें सुमारें १९१० ते १९७० या काळांत मूळ रहिवाशांच्या दर दहांपैकीं एकापासून दर तिहींपैकीं एकापर्यंत इतकीं मुलें अशा रीतीनें घरापासून तोडलीं गेलीं. ह्या पिढ्यांना तेथें ‘चोरलेल्या पिढ्या’ असें म्हणतात. केव्ह दहा वर्षांचा असतांना तो आणि त्याचा धाकटा भाऊ यांना आईबापांपासून काढून टूवूंबा येथील एका ख्रिस्ती निवासी शाळेंत ठेवण्यांत आलें. शेकोटीजवळच्या मुलाला तेथें घंटेवर उठण्याची आणि रांगेंत उभें राहण्याची संवय करावी लागली. आईबाप जिवंत असून पोरकें होणें म्हणजे काय, हें त्याला त्या वयांत कळलें. पुढील आयुष्यांत त्यांच्या गाण्यांत जो दाह दिसतो त्याचें एक मूळ येथें आहे.

शाळा सुटल्यावर कारमडी पुन्हां आपल्या मुलखांत परतले. पुढचीं सतरा वर्षें त्यांनीं मजुरी केली. गुरें हांकलीं, मेंढ्यांची लोंकर कातरण्याच्या हंगामांत राबले, लोंकरीचे गठ्ठे दाबले, धान्याचीं पोतीं पाठीवरून वाहिलीं, लोखंडाचें सांधकाम केलें. संसार होता, मुलें होतीं. गिटार सोबत होतीच. परंतु आपण कलावंत आहों असें म्हणण्याचें त्यांना कारण नव्हतें. ज्या वयांत दुसऱ्या गायकांचीं नांवें गाजून जुनींहि होतात, त्या वयांत हा मनुष्य पोतीं उचलीत होता.

वयाच्या ३३ व्या वर्षीं त्यांनीं एक विलक्षण गोष्ट केली. टूवूंबा येथील उच्च शिक्षणसंस्थेंत त्यांनीं नांव घातलें. अडचण अशी होती कीं, इतिहासाच्या वर्गांत लेखी निबंध द्यावा लागे, आणि लिहिण्याचा सराव तर त्यांना फारसा नव्हता. तेव्हां त्यांनीं आपल्या अध्यापकांपुढें एक सूचना मांडली: लेखणी हातांत बसेपर्यंत गिटार घेऊन येऊं द्यावी, जें सांगावयाचें तें मुखानें, गाण्याच्या साथीनें सांगतों. अध्यापकांनीं ती मान्य केली, ही त्यांची उदार बुद्धि. आणि अशा रीतीनें एका विद्यालयाच्या वर्गांत इतिहासाचा पाठ गिटारीवर सुरू झाला.

ही केवळ एक गमतीची आख्यायिका समजूं नये; त्यांच्या साऱ्या कलेची किल्ली येथें आहे. त्या काळपर्यंत ऑस्ट्रेलियाचा छापील इतिहास बहुधा जहाजें, गव्हर्नर, मेंढ्या आणि सोनें यांचा होता. मूळ रहिवासी त्यांत आले तर पहिल्या प्रकरणांत यावयाचे, आणि दुसऱ्या प्रकरणापूर्वीं नाहींसे व्हावयाचे. कारमडी यांनीं लहानपणीं जो इतिहास ऐकला होता तो कोठें छापलेला नव्हता. तो माणसांच्या तोंडीं होता. गाण्याला पुराव्याचें स्थान देणें म्हणजे त्या तोंडी इतिहासालाच वर्गांत बसण्याची जागा मिळवून देणें होय. पुढें त्यांनीं पदवी घेतली, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि डार्लिंग डाउन्सच्या १८३० ते १८६० या काळांतील इतिहासावर संशोधनासहि आरंभ केला. आपल्याच पायांखालची जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली, याचा तो शोध होता. लवकरच त्या शोधाला प्रबंधापेक्षां गाण्याची वाट अधिक मानवली.

१९८८ हें वर्ष ऑस्ट्रेलियांत मोठ्या थाटाचें होतें. इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीच्या बंदरांत लागला त्याला त्या वर्षीं २०० वर्षें पूर्ण झालीं. जानेवारीच्या २६ तारखेस बंदरांत शिडांचीं जहाजें मिरवलीं. आणि त्याच दिवशीं त्याच शहरांतून मूळ रहिवासी आणि त्यांचे सहानुभावी यांचा हजारोंचा मोर्चा निघाला. एकाचा वाढदिवस तो दुसऱ्याचा सुतकाचा दिवस होता. याच वर्षीं कारमडी यांचा पहिला गीतसंग्रह निघाला. तेव्हां ते ४२ वर्षांचे होते. संग्रहाचें नांव ‘समाजाचे आधारस्तंभ’ अशा अर्थाचें. पण हे स्तंभ स्तुतीसाठीं उभे केलेले नाहींत. त्यांतील एका गाण्याला ‘तूं चोरी करूं नको’ ही बायबलांतील आज्ञाच शीर्षक म्हणून दिली आहे. ज्यांनीं ही आज्ञा शिकविली, त्यांनींच देश कसा घेतला, एवढा एकच प्रश्न तें गाणें विचारतें. दुसरें गाणें पोलिसांच्या कोठडींत झालेल्या मूळ रहिवाशांच्या मृत्यूंबद्दल आहे. हा प्रश्न त्या वेळीं धुमसत होता. १९८७ सालीं नेमलेल्या राजकीय आयोगानें अशा ९९ मृत्यूंची चौकशी करून १९९१ सालीं आपलें काम संपविलें. ऑस्ट्रेलियांत निघालेल्या निषेधगीतांच्या संग्रहांत हा कदाचित् सर्वश्रेष्ठ होय, असा अभिप्राय एका नामांकित समीक्षकानें दिला. कारमडी यांना ‘ऑस्ट्रेलियाचे काळे बॉब डिलन’ म्हणण्याची रीत पडली ती याच सुमारास. अशा उपमेनें ओळख लवकर होते खरी. पण मनुष्य झांकलाहि जातो.

पॉल केली यांची आणि त्यांची मैत्री जमली ती या दिवसांत. दोघे एकदां आपल्या मंडळींसह ब्रिस्बेननजीक एका धरणाच्या कांठीं रानांत मुक्कामाला गेले होते. रात्रीं शेकोटी पेटली, गिटारी निघाल्या. एकानें स्वरांची एक गुंफण काढली, दुसऱ्यानें एक विषय काढला, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर दहाअकरा कडव्यांचें एक गाणें तयार झालें होतें. विषय होता वेव्ह हिलचा संप.

हा संप म्हणजे काय, हें सांगितल्याखेरीज त्या गाण्याचें मोल कळणार नाहीं. डार्विन शहराच्या दक्षिणेस सुमारें ६०० किलोमीटरांवर वेव्ह हिल नांवाचा गुरें पाळण्याचा मळा होता. ‘मळा’ हा शब्द अपुरा आहे. त्याचें क्षेत्र आपल्याकडील एखाद्या मोठ्या जिल्ह्याशीं तुलना करण्याजोगें. त्याचे धनी लॉर्ड व्हेस्टी हें इंग्लंडांतील श्रीमंत घराणें. ही सारी भूमि मूळची गुरिंजी जमातीची. तेच गुरिंजी लोक आतां तेथें गुराखी आणि घरगडी म्हणून राबत. मोबदला म्हणजे पीठ, साखर, चहा, मांस यांचा शिधा आणि वर थोडी रोकड. गोऱ्या मजुराच्या वेतनाचा तो एक लहानसा अंश. १९६६ च्या ऑगस्टच्या २३ तारखेस विन्सेंट लिंगिआरी यांच्या मागोमाग सुमारें २०० स्त्री-पुरुष-मुलें तो मळा सोडून चालूं लागलीं.

प्रथम सर्वांना वाटलें, हा मजुरीचा तंटा आहे. मजुरी वाढवून देण्याच्या गोष्टी झाल्या. परंतु गुरिंजींच्या मनांत मजुरीपेक्षां खोल अशी एक गोष्ट होती. पुढच्या वर्षीं ते वॅटी क्रीक नांवाच्या ओढ्याकांठीं जाऊन राहिले. त्या जागेचें त्यांच्या भाषेंतील नांव डागुरागु. तेथून त्यांनीं गव्हर्नर-जनरलना अर्ज केला कीं, आमच्या पूर्वजांची भूमि आम्हांस परत मिळावी. अर्ज नामंजूर झाला. गुरिंजी उठले नाहींत. वर्षामागून वर्ष गेलें. कामगार संघटनांनीं पैसा पुरविला. फ्रँक हार्डी या लेखकानें त्यांच्या लढ्यावर १९६८ सालीं पुस्तक लिहिलें. टेड ईगन या गायकानें १९७१ मध्यें त्यांच्यावर गीत काढलें, त्यांत स्वतः लिंगिआरींचा आवाज आहे. १९७२ सालीं व्हिटलम यांचें सरकार आलें आणि वारा फिरला. शेवटीं १९७५ च्या ऑगस्टच्या १६ तारखेस पंतप्रधान व्हिटलम जातीनें डागुरागु येथें गेले. सुमारें ३,२०० चौरस किलोमीटर जमिनीचा पट्टा त्यांनीं दिला, आणि मूठभर माती उचलून लिंगिआरींच्या ओंजळींत ओतली. त्या क्षणाचें मर्व्हिन बिशप यांनीं घेतलेलें छायाचित्र त्या देशाच्या इतिहासांत अजरामर झालें आहे. तीन महिन्यांच्या आंत व्हिटलम यांचें सरकार बडतर्फ झालें. परंतु पुढच्याच वर्षीं, १९७६ सालीं, उत्तर प्रदेशांतील मूळ रहिवाशांच्या भूमिहक्कांचा कायदा संमत झाला. एका ओढ्याकांठीं वर्षानुवर्षें बसून राहिलेल्या लोकांची ही फलश्रुति.

गाण्यानें ही कथा जशी घडली तशी, क्रमानें सांगितली आहे. चाल एकच, साधी. ती कडव्यामागून कडव्याला तशीच येत राहते. वर्णनाचा सोस नाहीं, अलंकारांची गर्दी नाहीं. एका बाजूला पैसा आणि जहागीर असलेला धनी, दुसऱ्या बाजूला शांतपणें वाट पाहणारा गुराखी. धनी येऊन बोलणीं करतो, गुराखी जागचा हालत नाहीं. पोवाड्याच्या जातीची ही रचना आहे, पण पोवाड्यांतील आवेश येथें मुद्दाम टाळलेला आहे. ऐकणाऱ्याच्या मनावर जें बिंबतें तें शौर्य नव्हे, धीर होय. शेवटीं जी ओळ पुन्हां पुन्हां येते तिचा भाव ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ याच्या जवळचा वाटेल. तरी दोहोंत भेद आहे. तळें सांचतें तें बाहेरून पडणाऱ्या थेंबांनीं. येथें मात्र बीं मातींत पडलेलें आहे, आणि जें वाढतें तें त्याच्या पोटांतून वाढतें. कोणी दान दिलें म्हणून न्याय झाला असें हें गाणें म्हणत नाहीं. कोणीतरी उठून चालूं लागला म्हणून झाला, असें म्हणतें.

केली यांनीं हें गाणें प्रथम आपल्या १९९१ च्या संग्रहांत घेतलें. कारमडी यांच्या स्वतःच्या संग्रहांत तें १९९३ सालीं आलें. केली तोंपर्यंत प्रसिद्ध झालेले होते. गाणें त्यांच्या नांवाबरोबर देशभर गेलें, यांत नवल नाहीं.

परंतु कारमडी म्हणजे हें एकच गाणें नव्हे. त्यांच्या दुसऱ्या संग्रहाचें नांव ‘एका काळ्या माणसासाठीं मृत्युलेख’ अशा अर्थाचें आहे. तो स्टीव्ह कॉनोली या गिटारवादकाच्या देखरेखीखालीं तयार झाला. गुरें हांकणाऱ्या माणसाच्या बायकोवरचें त्यांतील गाणें दीर्घ कथागीत आहे. ज्या भटक्या जीवनांत त्यांचें बालपण गेलें त्याच जीवनांतील एका स्त्रीची कहाणी त्यांत आहे. तिचें लग्न, तिचे मुक्काम, तिचें वैधव्य, तिचीं मुलें. निषेधाचा एक शब्द त्यांत नाहीं. ‘माझा आत्मा विकत घेतां येणार नाहीं’ अशा अर्थाचें गीत याच संग्रहांतलें. आकाश, पाऊस, नदी यांच्या सान्निध्यानें मन हलतें तें सांगणारीं, जवळजवळ भक्तिगीतांच्या वळणाचीं गीतेंहि त्यांनीं लिहिलीं आहेत. १९९५ च्या संग्रहाची जबाबदारी स्टीव्ह किल्बी या रॉक संगीतांतील प्रसिद्ध गायकानें घेतली. त्यांत ब्रिस्बेनमध्यें १९९३ सालीं पोलिसांच्या ताब्यांत मरण पावलेल्या एका तरुण नर्तकाबद्दलचा विलाप आहे. २००४ सालीं आणखी एक संग्रह निघाला. कोठें केवळ गळा आणि गिटार, कोठें डिजरीडू हें मूळ रहिवाशांचें लाकडी सुषिर वाद्य, कोठें रॉकचा पूर्ण ताफा, कोठें रानांतले आवाज: साधनें बदलत गेलीं, सांगणारा तोच राहिला.

२००१ सालीं निघालेल्या ‘वन नाइट द मून’ या लहानशा संगीतपटासाठींहि केली आणि कारमडी यांनीं गीतें रचलीं. दिग्दर्शिका रेचल पर्किन्स. कथा अशी: रानांत एक गोरी मुलगी हरवते, पावलांचा माग काढण्यांत तरबेज असा एक मूळ रहिवासी मदतीला येतो, परंतु काळ्या माणसानें आपल्या जमिनींत पाऊल टाकूं नये, असें म्हणून बाप त्याला परत लावतो. मुलगी वांचत नाहीं. त्यांतील एका द्वंद्वगीतांत दोघेहि त्याच जमिनीवर हक्क सांगतात. एकाच्या दृष्टीनें जमीन माणसाच्या मालकीची. दुसऱ्याच्या दृष्टीनें माणूसच जमिनीचा. दोन संस्कृतींच्या झगड्यावर लिहिलेले ग्रंथ जें मोठ्या प्रयासानें सांगतात, तें येथें दोन गळ्यांतून कांहीं मिनिटांत सांगून झालें आहे.

इतकें असून कारमडी यांच्या एकाहि संग्रहाला खपाचें मोठें यश लाभलें नाहीं. याचीं कारणें शोधावयास फार दूर जावें लागत नाहीं. पहिलें कारण आकाराचें. व्यापारी नभोवाणीला तीनचार मिनिटांचें गाणें सोयीचें असतें. ज्याला कथा सांगावयाची आहे त्याला तेवढ्यांत नुसता घसा साफ करतां येतो. दुसरें कारण काळाचें. बेचाळिसाव्या वर्षीं सुरुवात करणाऱ्याला तारुण्याच्या बाजारांत गिऱ्हाईक मिळणें कठीण; आणि सतरा वर्षांच्या अंगमेहनतीनंतर सांध्यांच्या दुखण्यानें त्यांचे हात धरले, त्यामुळें गांवोगांव फिरून गाणें पुढें पुढें अशक्य झालें. तिसरें कारण मात्र ऐकणाऱ्याचें आहे. वेव्ह हिलच्या गाण्यांत शेवटीं माती परत मिळते. ऐकणाऱ्याला डोळे पुसून समाधानानें घरीं जातां येतें. ‘तूं चोरी करूं नको’ या गाण्यांत असें समाधान नाहीं. तें गाणें ऐकणाऱ्यालाच विचारतें, तूं उभा आहेस ती जागा कोणाची? पाहुण्यांपुढें लावावयाचें तें गाणें नव्हे. देशानें या कवीची आशा उचलली आणि त्याचा आरोप मागें ठेवला, असें म्हटलें तर तें फारसें चुकीचें होणार नाहीं.

आशेचाहि पुढें बाजार झाला. कामगारांच्या निवृत्तिवेतन निधींनीं आपल्या जाहिरातींसाठीं हेंच गाणें घेतलें, आणि ‘लहान गोष्टींतून मोठ्या गोष्टी’ म्हणजे पगारांतून शिल्लक पडणारे पैसे असा अर्थ पुष्कळांच्या कानांवर प्रथम पडला. तरी गाण्यांत सत्त्व असलें कीं तें अशा वापरांतूनहि परत उठतें. २००८ च्या फेब्रुवारीच्या १३ तारखेस पंतप्रधान केव्हिन रड यांनीं ‘चोरलेल्या पिढ्यां’ची पार्लमेंटांत जाहीर माफी मागितली. त्याच वर्षीं त्या भाषणांतील अंश गुंफून हें गाणें अनेक गायकांनीं मिळून पुन्हां ध्वनिमुद्रित केलें, आणि खपाच्या राष्ट्रीय यादींत तें चौथ्या क्रमांकावर गेलें. या गायकांत कारमडी होते. दहाव्या वर्षीं आईपासून तोडलेला तो मुलगा ६२ व्या वर्षीं देशाच्या माफीच्या शब्दांबरोबर गात होता, ही गोष्ट किती ऐकणारांच्या लक्षांत आली असेल?

तत्पूर्वीं वर्षभर, २००७ सालीं, केली यांच्या पुढाकारानें एक दुहेरी संग्रह निघाला. एका तबकडींत कारमडी यांचीं गाणीं इतर गायकांच्या आवाजांत, दुसरींत तींच गाणीं कर्त्याच्या आवाजांत. रॉक गाणारे होते, लोकगीतें गाणारे होते, नव्या पिढीचे रॅप गाणारे होते. गोरे होते, काळे होते. ह्या संग्रहानें एक गोष्ट सिद्ध केली. आवाज बदलला, वाद्यें बदललीं, तरी गाणें मोडलें नाहीं; म्हणजे गाण्याचा सांगाडा मजबूत होता. श्रोत्यांना तो आजवर दिसला नव्हता, एवढेंच. २००९ सालीं ऑस्ट्रेलियन ध्वनिमुद्रण संघानें कारमडी यांचें नांव आपल्या मानकऱ्यांच्या यादींत घातलें, आणि २०२० मध्यें तो दुहेरी संग्रह आणखी नव्या गायकांची भर घालून पुन्हां काढण्यांत आला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत न्यायालयानें वेव्ह हिलच्या सुमारें ५,००० चौरस किलोमीटर भूमीवर तेथील मूळ रहिवाशांचा परंपरागत हक्क मान्य केला. संप सुरू झाला त्याला तेव्हां ५४ वर्षें झालीं होतीं. लिंगिआरी तर १९८८ च्या जानेवारींतच निवर्तले होते; शेकोटीजवळ त्यांच्यावर गाणें रचलें गेलें तें त्यांच्या कानीं पडण्याचा योग आला नाहीं.

कीर्तीचें माप लावून पाहिलें तर केव्ह कारमडी यांच्या पदरीं थोडेंच पडलें असें वाटेल. पण त्यांच्या स्वतःच्या परंपरेचें माप निराळें आहे. जेथें इतिहास मुखानें चालतो तेथें सांगणाऱ्याचें नांव राहणें ही गौण गोष्ट. सांगितलेलें पुढच्याच्या मुखीं जाणें हीच मुख्य. या मापानें पाहतां ज्याला वर्गांत निबंध लिहितां येईना म्हणून गिटार न्यावी लागली, त्या विद्यार्थ्यानें दिलेला धडा आज साऱ्या देशाला पाठ आहे. मात्र तेवढ्यावर समाधान मानण्याचा अधिकार त्यांचा आहे, ऐकणारांचा नव्हे. ज्यांना तो एक धडा येतो, त्यांनीं त्या पुस्तकाचीं उरलेलीं पानें, जीं वाचतांना जीव अवघडतो तींहि, एकदां उलटून पाहावींत. ज्यानें ओठांवर गाणें ठेवलें त्याचें ऋण तेवढ्यानें फिटणार नाहीं. पण तें ऋण आहे एवढें तरी ध्यानांत येईल.